दशमीची सकाळ, खडपाचं पाणी

मालवणला स्कूबा करायला आलेला माणूस किनाऱ्यावर उतरताच विचारतो, ‘मासे दिसतील ना?’ ज्याने रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि जो जोडीदाराबरोबर स्वतःच्या भरवशावर बुडी मारणार आहे, त्याने मात्र आधी विचारायला हवं, ‘आज तिथी कोणती?’ मासे दिसणार की समोर नुसती हिरवट धूळ तरंगणार, याचा निम्मा निकाल त्या उत्तरात असतो. उरलेला निम्मा वाऱ्यात, दूरवरून येणाऱ्या लाटेत आणि पाठीवरच्या सिलिंडरच्या हिशोबात. यातली एकही गोष्ट पाण्यात उतरल्यावर बदलता येत नाही, म्हणून ती किनाऱ्यावर बसून, कागद-पेन्सिल घेऊन ठरवायची.

आधी जागा समजून घेऊ. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. त्या परिसरातलं समुद्रक्षेत्र १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. किल्ल्याभोवती, पद्मगडाभोवती आणि आणखी बाहेर पाण्याखाली खडकच खडक आहेत. कोकणात त्यांना खडप म्हणतात. लक्षद्वीपला प्रवाळांनी स्वतःच्या सांगाड्यांतून बेटं उभी केली. मालवणात प्रवाळ आहेत, पण ते भाडेकरू आहेत. घर खडकाचं, त्यावर त्यांनी बिऱ्हाड केलेलं. दर पावसाळ्यात कर्ली आणि गड या नद्या गाळ आणि गोडं पाणी समुद्रात आणून ओततात. प्रवाळांना उजेड लागतो आणि ठरावीक खारटपणा लागतो, त्यामुळे इथे त्यांची वाढ बेताचीच राहते. पॉराइट्सचे गोल गड्डे, टर्बिनेरियाच्या पसरट वाट्या, मधल्या जागेत स्पंज, सी-ॲनिमोन आणि शैवाल, असा हा संसार आहे.

बुडीच्या आखणीवर याचा थेट परिणाम होतो. प्रवाळभिंतीच्या कडेने पोहताना वाट सहसा सरळ असते. खडपावर घळी असतात, कपारी असतात, एकावर एक रचल्यासारखे धोंडे असतात, आणि सगळ्यांच्या पायथ्याशी वाळू. घळीत शिरलेलं पाणी नळीतून सुटावं तसं जोरात पुढेमागे होतं. पावसाळा सरला की सरगॅसम नावाचं तपकिरी शैवाल वाढू लागतं आणि हिवाळ्यात त्याचं रान होतं. ते इतकं दाट असतं की खालचा खडक झाकला जातो आणि पाहिलेली जागाही अनोळखी वाटते. म्हणून खडपावरच्या बुडीत ‘किती खोल’ याच्या आधी ‘कुठून कुठे’ हे ठरवावं लागतं.

आता तिथी. कोकणात जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. हिशोब साधारणपणे मुंबईच्या पाण्याला लागू पडतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, म्हणून मालवणात ती मुंबईच्या थोडी आधीच येते. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी, पण कोणता आठवडा गाठायचा हे ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, भरती उंच चढते आणि सुकती खोल जाते. अष्टमीच्या पुढेमागे दोघांची ओढ काटकोनात येते आणि भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी. मुंबईत उधाणाला भरती-सुकतीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. मालवणकडे तो साधारण त्याच्या निम्मा, तरीही गाळ ढवळायला तेवढा पुरेसा असतो. सगळ्यात शांत भांग अष्टमीलाच नसतो, एक-दोन दिवस मागाहून येतो. सुकतीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर पडतं, तर भरतीबरोबर बाहेरच्या समुद्राचं नितळ पाणी आत सरकतं. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं, आणि खडपावर उतरायला त्याहून बरी वेळ नाही.

हे सगळं एकत्र मांडलं की नवमी, दशमी, एकादशी, मग ती शुद्ध असो वा वद्य, हे दिवस समोर येतात. भांगाचं पाणी, आणि पूर्ण भरती सकाळी सात-साडेसातच्या आगेमागे. यात वाऱ्याची भर घाला. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्यालगतचं पाणी सपाट राहतं. अकरा-बाराच्या सुमारास जमीन तापली की खारा वारा सुटतो आणि दुपारभर लाटांना कुसळं फुटतात. दशमीच्या सकाळी साडेसात-आठला खडपावर उतरलेल्या माणसाला भरती, भांग आणि वारा हे तिन्ही अनुकूल मिळतात. पौर्णिमेच्या दुपारी तीनला, सुकतीच्या पाण्यात उतरलेल्याला तिन्ही प्रतिकूल. सुट्टीचे पैसे दोघांचे सारखेच गेलेले असतात. शनिवार-रविवार बघून नव्हे, तिथी बघून रजा टाकावी, असं माझं ठाम मत आहे.

पण वारा पडला म्हणजे समुद्र निजला, असं समजू नये. खडपावर सगळ्यात फसवी गोष्ट असते ती दूरवरून आलेली लांब लाट. किनाऱ्यावरून ती दिसतही नाही. उंची अर्धा मीटर, पाणी तेलासारखं गुळगुळीत, फक्त होडी सावकाश वर जाते आणि सावकाश खाली येते. लाटेची हालचाल पाण्यात तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. दोन शिखरांमध्ये पाच सेकंदांचं अंतर असलेली लाट खोल पाण्यात सुमारे ४० मीटर लांब असते, म्हणजे वीस मीटरच्या खाली तिचा त्रास उरत नाही. आठ सेकंदांची लाट शंभर मीटर लांब, तिची पोच पन्नास मीटरपर्यंत. बारा-चौदा सेकंदांची लाट मालवणच्या दहा-पंधरा मीटरच्या तळाला सहज हलवते. दूर दक्षिणेच्या हिंदी महासागरात कुठे तरी वादळ होतं आणि काही दिवसांनी, इथे वाऱ्याची झुळूक नसताना, घळीतला माणूस दोन मीटर पुढे आणि दोन मीटर मागे फेकला जातो. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, दिशा आणि कालावधी यांचा अंदाज रोज फुकट देते, लांब लाटांचा इशाराही देते. बहुतेक जण त्यातली उंची वाचतात आणि थांबतात. खडपावर जाणाऱ्याने कालावधीही वाचावा. तो दहा सेकंदांच्या वर असेल तर घळी आणि कपारी त्या दिवशी वगळाव्यात, खडकापासून दोन हात लांब राहून वाळूच्या कडेने जावं. हेलकाव्याशी झुंजू नये. तो पुढे नेतो तेव्हा पाय मारावेत, मागे ओढतो तेव्हा थांबावं.

हंगामाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पावसाचा गाळ अजून बसलेला नसतो. नोव्हेंबरपासून पाणी निवळतं. हिवाळ्यात कधी कधी सूक्ष्मजीवांची दाट वाढ होऊन ते हिरवं पडतं, आणि तेच पाणी रात्री ढवळलं की चमकतं. चार-पाच मीटरवरचं स्पष्ट दिसलं तर मालवणात दिवस चांगला म्हणायचा. अंदमानची अपेक्षा घेऊन येणारा इथे नाराज होतो. हंगामाचा शेवट मात्र काटेकोर पाळावा. मच्छीमारांच्या यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै कायद्याने बंद असतात, पण समुद्र त्याआधीच फिरायला लागतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालच्या धोक्यांची चर्चा करताना होडीचा प्रवास हाही बुडीचाच भाग आहे, हे विसरलं जातं. लाइफ जॅकेट चढताना घालायचं ते परत किनाऱ्याला पाय लागेपर्यंत. तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

दिवस ठरला, आता हवा. दर दहा मीटर खोलीला दाब एक वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो, की दाब दुप्पट झाला तर आकारमान निम्मं होतं. स्कूबात तो असा भेटतो: रेग्युलेटर तुम्हाला भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा देतो, म्हणून दहा मीटरवरच्या एका श्वासात वरच्या दोन श्वासांची हवा खर्च होते.

आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर आतून सुमारे ११ लिटरचा असतो. तो २०० बारपर्यंत भरला की त्यात २,२०० लिटर हवा मावते. निवांत पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर हवा घेतो. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि स्वतःचा काढणं सोपं आहे. दहा मीटरवर दहा मिनिटं सारख्या गतीने पोहा आणि काटा किती उतरला ते बघा. समजा ३६ बार उतरला. ३६ गुणिले ११ म्हणजे ३९६ लिटर. दहा मिनिटांनी भागलं की सुमारे ४०. दोन वातावरणांनी भागलं की २०.

आता पंधरा मीटरची बुडी घेऊ. तिथे दाब अडीच वातावरण, म्हणजे खर्च मिनिटाला ५० लिटर. २,२०० भागिले ५०, चव्वेचाळीस मिनिटं, असं म्हणून जो उतरतो त्याने जोडीदाराचा विचारच केलेला नसतो. वाईटात वाईट वेळ धरा. बुडीच्या शेवटी, सगळ्यात खोल ठिकाणी जोडीदाराची हवा संपते आणि तो तुमच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर येतो. दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, मिळून ६०. सावरायला एक मिनिट: ६० गुणिले अडीच, १५० लिटर. वर यायला, मिनिटाला नऊ मीटरच्या आत गती ठेवून, दोन मिनिटं: सरासरी दाब पावणेदोन, म्हणजे २१० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: दीड वातावरण, २७० लिटर. बेरीज ६३०. अकराने भागलं तर जवळजवळ ५७ बार. काट्यांच्या चुका आणि वरच्या लाटा जमेस धरून हा आकडा ७० करावा. म्हणजे दोघांपैकी कुणाचाही काटा ७० ला आला की दोघांनी मिळून वर निघायचं. वापरायला उरले १३० बार, १,४३० लिटर, म्हणजे तळाशी जेमतेम अठ्ठावीस मिनिटं. चव्वेचाळीस आणि अठ्ठावीस यांच्यातली सोळा मिनिटं ही जोडीदाराची हवा आहे. ती आपली नव्हेच, असं समजून उतरावं.

नायट्रोजन हा दुसरा हिशोब. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. घाईने वर आलं तर तो सोड्याच्या बाटलीसारखा बुडबुड्यांनी बाहेर पडतो. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बोकडांवर प्रयोग करून १९०८ साली याचे पहिले भरवशाचे तक्ते ब्रिटिश नौदलाला दिले. पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात अठरा मीटरवर थांब्याची सक्ती न येता राहण्याची मर्यादा ५६ मिनिटं आहे. आपली हवा त्याच्या खूप आधी संपते, त्यामुळे मालवणच्या पहिल्या बुडीत हा प्रश्न सहसा उभा राहत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या बुडीला उभा राहतो, कारण पहिलीतला नायट्रोजन अजून अंगात असतो. प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर हवा. दोघांत एक चालत नाही, कारण दोघं कधीच अगदी सारख्या खोलीवर नसतात.

वाटेचं ठरवताना एक नियम जुना आणि खरा आहे: जाताना प्रवाहाच्या विरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर. दमायचं ते ताजेपणी. खडपावर मी त्यात अजून एक जोडेन. नांगर वाळूत पडलेला हवा, प्रवाळावर नव्हे, आणि नांगराच्या दोरापासून होकायंत्राची दिशा घेऊनच हलावं. चार-पाच मीटर दिसत असताना ‘तो मोठा धोंडा लक्षात ठेवू’ हे कामाचं नाही, तसे धोंडे वीस असतात. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं आणि सावकाश वर यायचं, दोघांनीही. हे आधी बोललेलं असेल तरच तो वर भेटतो. नाहीतर एक जण खाली दुसऱ्याला शोधत हवा संपवतो. वर येताना पृष्ठभागावर फुगवायची नारिंगी नळी सोबत असावी, कारण या पाण्यात मासेमारीच्या होड्यांची ये-जा असते. कुठे रापण लागणार आहे, कुठे जाळी टाकलीत, हे सकाळी बंदरावर गाबित मच्छीमारांना विचारावं. सुटून खडपात अडकलेली जाळी पाण्यात जवळजवळ अदृश्य असते, म्हणून हाताला लागेल असं कापायचं हत्यार ठेवावं.

शरीर त्या दिवशी उतरण्याजोगं आहे का, हे फक्त ज्याचं त्याला कळतं. सर्दी असेल तर उतरू नये. पहिल्या दहा मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, म्हणून कानावर सगळ्यात जास्त ताण उथळ पाण्यातच येतो. पहिल्या मीटरपासून, दुखण्याआधी, कान मोकळे करत जावं. आणि श्वास कधीच रोखू नये. पूर्ण श्वास कोंडून दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, आणि हेलकावा माणसाला दीड मीटर उचलतो तेव्हा विचारत नाही.

खडपावर काय दिसेल? कपारीत तोंड बाहेर काढून बसलेला गोबरा. तांबोशी. शैवाल खरवडणारे पोपटमासे, जोडीने फिरणारी फुलपाखरू मासळी, ॲनिमोनमधला क्लाउनफिश. लायनफिश पसरलेल्या पंखांमुळे ओळखता येतो. स्कॉर्पियनफिश मात्र खडकाचाच रंग घेऊन बसतो, म्हणून हात टेकण्याआधी शंभर वेळा विचार करावा, खरं तर टेकूच नये. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशाच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं. मग डॉक्टर. गरम पाण्याचा थर्मास होडीत न्यावा. त्याच्या शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर हवाच, आणि जवळचा रिकम्प्रेशन चेंबर कुठे आहे, तिथला फोन काय, हे कागदावर लिहिलेलं असावं.

बिस्किटं आणि पाव टाकून मासे गोळा करण्याची रीत इथे पडली आहे. ती मला सहन होत नाही. ज्या माशाचं काम खडकावरचं शैवाल खाऊन प्रवाळाला जागा मोकळी करणं, तो मैद्याच्या मागे लागला तर ते काम कोण करणार? प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच यादीत. फोटोसाठी त्यांना धरून उभं राहणं हा अज्ञानाचा भाग असेल, पण परिणाम तोच. प्रशिक्षण न घेता दहा-पंधरा मिनिटांची हौशी बुडी घेणाऱ्यांनीही निदान एवढं म्हणावं, की मला मासे बोलावून दाखवू नका, आहेत तसे दाखवा.

शेवटी परतीचा रस्ता. बुडीची आखणी होडीतून उतरल्यावर संपते असं धरलं जातं, आणि मालवणात नेमकी इथेच चूक होते. विमानात दाब कमी असतो, म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास उडू नये, असा प्रघात आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिपी विमानतळ सुरू झाल्यापासून सकाळी बुडी आणि दुपारी विमान हा मोह समोर उभा राहिला. विमानाचं भान बऱ्याच जणांना असतं, घाटाचं नसतं. डायव्हिंगच्या तक्त्यांत ३०० मीटरच्या वरचं ठिकाण ‘उंचावरचं’ मानतात. आंबोली सुमारे ६९० मीटर. फोंडा किंवा करूळ घाट चढून कोल्हापूर गाठलं तर तेही साडेपाचशेच्या पुढे, पुणंही तेवढंच. एका उथळ बुडीनंतर याने फारसं बिघडणार नाही. पण दोन दिवसांत चार-पाच बुड्या, शेवटची रविवारी अकराला, आणि दुपारी जेवून लगेच आंबोलीच्या वळणांवर, हा बेत चुकीचा आहे. शेवटच्या दिवशी किल्ला बघा, बाजारात फिरा, सोलकढी प्या. शेवटची बुडी आणि घाट यांच्यामध्ये एक रात्र मालवणात राहा.